बारा हजार फुटांवरची मासळी

मासळीच्या नादाने मराठी माणूस कुठवर जाईल याचा नेम नाही. पण जाईल तो उताराने. मालवण, हर्णै, अलिबाग, भाऊचा धक्का, ससून डॉक ही आमची सगळी तीर्थक्षेत्रे समुद्रसपाटीला आहेत. तिथे पोचायला धाप लागत नाही. लागलीच तर भाव ऐकून लागते. मासळी आमच्यासाठी वर आल्याची उदाहरणे आहेत. लिफ्ट नसलेल्या इमारतीत डोक्यावर पाटी घेऊन तिसरा मजला चढणारी कोळीण आणि दारात बसून तिच्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालणारी सुशिक्षित कुटुंबे मी पाहिली आहेत. पण आम्ही मासळीसाठी डोंगर चढल्याचे कधी ऐकले नव्हते.

ते आता ऐकू येऊ लागले आहे. काश्मीर ग्रेट लेक्स नावाचा एक ट्रेक आहे. सोनमर्गपाशी चढायला लागायचे आणि आठवडाभराने नारानागला, ललितादित्याच्या काळच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या देवळांपाशी उतरायचे. मध्ये निचनाई, गडसर आणि झच या तीन खिंडी. त्यातली गडसरची जवळजवळ पावणेचौदा हजार फुटांवर. वाटेत विशनसर, किशनसर, गडसर, सातसर आणि शेवटी हरमुखच्या पायथ्याशी गंगाबल आणि नुंदकोल ही सरोवरे. हे सगळे जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच उघडे असते, कारण उरलेले वर्ष तिथे बर्फाचे राज्य असते. या अडीच महिन्यांत विशनसरच्या काठावर काश्मिरीच्या खालोखाल मराठी बोलली जाते. "अहो, कानटोपी घाला", "शेंगदाण्याची चटणी कुणाच्या सॅकमध्ये आहे?", "हे म्हणजे थेट राजगडासारखंच, फक्त मोठं" अशी वाक्ये खिंडीच्या अलीकडून पलीकडे ऐकू जातात. लष्कराच्या चौकीवर आधार कार्ड हातात घेतलेला जवान "कहाँ से?" असे विचारत नाही. तो कार्ड न बघताच "पुणे" म्हणतो, आणि बहुतेक वेळा बरोबर असतो.

अशा प्रत्येक ग्रुपमध्ये एक गृहस्थ असतात. त्यांच्या सॅकला एक लांबोडके नळकांडे बांधलेले असते. पहिले दोन दिवस ते ट्रायपॉड आहे, तंबूची काठी आहे की घडीची छत्री आहे यावर बाकीच्यांत मतभेद चालतात. विशनसरला तंबू लागले की गृहस्थ ते नळकांडे उघडतात, आतून चार तुकडे काढून एकात एक बसवतात, आणि ट्रेकर म्हणून आलेला माणूस सर्वांच्या डोळ्यांदेखत अँगलर होतो. त्यांना "काका, मासे पकडायला आलात?" असे विचारू नये. मासे कोळी पकडतात. हे ट्राउट फिशिंग करतात. त्यांच्याजवळ श्रीनगरच्या मत्स्यखात्याचा परवाना असतो. किती दिवस, किती मासे आणि किती लांबीच्या आतला मासा परत सोडायचा, हे सगळे त्यावर छापलेले. परवाना लॅमिनेट केलेला असतो. काकू आपणहून सांगतात की आमच्या लग्नाचा दाखला अजून नुसत्या फाइलीत आहे.

या सगळ्या उद्योगाची खरी गंमत मात्र काकांच्या नळकांड्यात नाही, पाण्यात आहे. ज्या माशासाठी काका बारा हजार फूट चढून आले, तो मासा तिथला नाहीच. त्यालाही कुणीतरी चढवलेला आहे.

ब्राऊन ट्राउट हा मूळचा युरोपचा. गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर काश्मिरात महाराजा प्रतापसिंहांचे राज्य होते, आणि श्रीनगरात फ्रँक मिचेल नावाचे एक साहेब गालिचांचा कारखाना चालवत. गालिचे उत्तम निघत होते, हवा उत्तम होती, नद्या तर अप्रतिम होत्या. पण त्या नद्यांत स्कॉटलंडचा मासा नव्हता, हे त्यांना खुपले. दुसऱ्या कुणी घरच्या आठवणीने दोन ओळींचे पत्र लिहिले असते. मिचेलसाहेबांनी अंडी मागवली. १८९९ साली आलेली पहिली खेप वाटेतच मेली. याने शहाणा माणूस थांबतो, पण गळ टाकून बसणाऱ्यांची जात वेगळी. १९०० साली दुसरी खेप आली. तेव्हा श्रीनगरला रेल्वे पोचलेली नव्हती. रावळपिंडीहून झेलमच्या काठाने येणारा गाडीरस्ता तेवढा होता. त्या काळात विलायतेहून निघालेली अंडी काश्मिरात जिवंत पोचली, उबली, आणि पिल्ले श्रीनगरजवळच्या पाण्यात सोडली गेली. पुढे हारवनला उबवणी केंद्र झाले, दरबाराने मत्स्यखाते काढले, आणि एकेका ओढ्यातून, एकेका सरोवरात हा पाहुणा पोचवण्यात आला. विशनसर-गंगाबलच्या पाण्यात जे मासे आज काकांकडे दुर्लक्ष करतात, ते त्या स्कॉटिश अंड्यांचे वंशज.

हे वेड एकट्या मिचेलसाहेबांचे नव्हते. इंग्रज जिथे जिथे गेला, तिथे त्याने आधी क्लब काढला आणि मग ट्राउट सोडला. आपल्याकडे निलगिरीत त्याने तो सोडला, मुन्नारच्या चहामळ्यांवरच्या पाण्यात सोडला. टास्मानियासाठी १८६४ साली नॉरफोक नावाच्या जहाजातून शेवाळात गुंडाळलेली आणि बर्फाखाली दडपलेली अंडी लंडनहून निघाली. मुख्य माल सॅमन माशाचा होता. ट्राउटची थोडी अंडी जाता जाता टाकली होती. तीन महिन्यांनी दोन्ही पोचली, दोन्ही उबली. सॅमन वाढला, समुद्रात गेला आणि परत आलाच नाही. ज्याच्यासाठी मांडव घातला तो पळाला, आणि पंगतीत सहज बसवलेला ट्राउट तिथला घरजावई झाला.

अमेरिकेत तर याच्यावर कडी आहे. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातली बरीचशी उंच सरोवरे हिमनद्यांनी कोरलेली. मध्ये धबधबे असल्याने मासा खालून वर चढू शकत नाही, म्हणून ती बिनमाशांची होती. निसर्गाने हे विचारपूर्वक केले होते. पण १८७६ साली शेरमन स्टीव्हन्स नावाच्या एका लाकूडगिरणीवाल्या कर्नलने गोल्डन ट्राउट जातीचे डझनभर मासे एका ओढ्यात पकडले, कॉफीच्या किटलीत घातले आणि आपल्या गिरणीशेजारच्या कॉटनवूड ओढ्यात नेऊन सोडले. तिथून ते आणखी वर, अकरा हजार फुटांवरच्या कॉटनवूड सरोवरांत नेण्यात आले. किटलीनंतर खेचरे आली, खेचरांच्या पाठीवर डबे आले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर विमाने आली. युटा राज्यात अजूनही विमान उंच सरोवरावरून जाते, पोटाखालचे झाकण उघडते आणि बोटाएवढी पिल्ले पाण्याच्या फवाऱ्याबरोबर खाली पडतात. ती इतकी हलकी असतात की आपटत नाहीत, तरंगत येतात, आणि बहुतेक सगळी जगतात. मग ज्या सरोवरावर सरकारने विमानाने मासा पाठवला, तिथे तोच मासा पकडायला करदाता पाठीवर ओझे घेऊन दोन दिवस पायी चढतो. घरपोच सेवा आम्हाला ठाऊक होती. डोंगरपोच सेवा, आणि तीही माल परत आणण्याची जबाबदारी गिऱ्हाइकावर टाकून, हा शोध अमेरिकेचाच.

आता एवढ्या लांबून, एवढ्या खर्चाने आणलेला मासा साध्या गांडुळाने धरायचा, हे या मंडळींच्या प्रतिष्ठेत बसत नाही. त्याला फसवायचा तो पिसांनी. बारीक गळावर पिसे, केस, रेशीम गुंडाळून कीटकाचा भास करायचा, याला फ्लाय म्हणतात. काकांकडे फ्लायची अख्खी डबी असते. कप्प्याकप्प्यांत ओळीने मांडलेल्या, आणि प्रत्येकीला नाव. त्यातली रॉयल कोचमन ही न्यूयॉर्कमध्ये १८७८ साली बांधली गेलेली. पांढरे पंख, दोन्ही अंगांना मोरपिसाचे हिरवे तंतू आणि कमरेला लाल रेशमी पट्टा. पैठणी नेसलेली माशी म्हणा ना. असा कीटक पृथ्वीवर कुठेही नाही. ट्राउटने तो जन्मात पाहिलेला नसतो, तरी तो तिच्यावर झडप घालतो. का घालतो हे काका तासभर समजावून सांगू शकतात. माशाची बाजू अजून कुणी ऐकलेली नाही.

शिवाय मासा पाण्यावर फसवावा की पाण्याखाली, हा तात्त्विक प्रश्न आहेच. तरंगणारी कोरडी फ्लाय हीच सभ्य माणसाची, असे हॅलफर्ड यांच्या पंथाचे मत. पाण्याखालून जाणारी अळी वापरली तर त्यात अधर्म काय, असे स्क्यूज यांचे म्हणणे. यावर लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये १९३८ साली रीतसर वादसभा झाली. हिटलर ऑस्ट्रियाच्या सीमेवर उभा होता, आणि लंडनची वयस्कर, जबाबदार माणसे अळी नैतिक की अनैतिक यावर गंभीरपणे बोलत होती. पुण्याबाहेरही अशी सभा होऊ शकते हे वाचून मला फार धीर आला.

फ्लायची दुसरी अडचण अशी की ती फेकताच येत नाही. तिला वजन नसते. वजन असते ते जाड दोरीला. फेकायची ती दोरी, फ्लाय नुसती तिच्या मागे जाते. त्यासाठी दोरी आधी डोक्यावरून मागे पूर्ण उलगडू द्यायची, क्षणभर थांबायचे आणि मग पुढे झोकायची. म्हणजे समोर जितके सरोवर लागते, तितकेच पाठीमागे मोकळे रान लागते. मराठी ग्रुपबरोबर गेलेल्याला पाठीमागे मोकळे रान मिळत नाही. आमच्या ग्रुपमधल्या काकांची पहिली फेक दोरीवर वाळत घातलेल्या पंचाला लागली. दुसरी एका होतकरू रील करणाऱ्याच्या टोपीला. त्यानंतर काकांच्या मागे आपोआप पन्नास फूट जागा झाली, आणि वारा सुटला. उंच सरोवरांवर दुपारी वारा सुटतो, आणि तो नेहमी अँगलरच्या तोंडावर येतो.

आमच्या तंबूंचे सामान वाहणारा घोडेवाला हे सगळे दगडावर बसून पाहत होता. थोड्या वेळाने तो उठून आला आणि म्हणाला, "चाचा, बैठ जाओ. मछली देखती है."

हे शास्त्रशुद्ध होते. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे जग एका गोल खिडकीतून दिसते. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंतचा सगळा पसारा साधारण ९७ अंशांच्या शंकूत मावतो. काठावर ताठ उभा असलेला, केशरी जॅकेट घातलेला निवृत्त बँक अधिकारी त्या खिडकीच्या कडेला चांगला ठसठशीत दिसतो. तो खाली बसला तर दिसेनासा होतो. शिवाय ट्राउटच्या दोन्ही कुशींवर पाण्यातली कंपने टिपणारी रेघ असते, त्यामुळे पाय आपटलेलाही त्याला कळतो. काकांनी हे सगळे पुस्तकात वाचले होते. पण ते घोडेवाल्याला म्हणाले, "बैठ जाऊंगा, लेकिन बाद में उठाएगा कौन?"

शेवटी दोघांनी धरून त्यांना बसवले. किशनसरचे पाणी ज्या ओढ्याने विशनसरमध्ये उतरते, त्याच्या तोंडाशी. ओढ्याबरोबर वाहून येणारे किडेमुंगी खायला ट्राउट तिथे फिरत असतो, हे ठिकाणही घोडेवाल्यानेच दाखवले. पाणी इतके नितळ की तळाचा दगड न् दगड मोजावा, आणि इतके गार की हात घातला तर मनगटापर्यंत बधिर. बराच वेळ काही झाले नाही. मग एक तपकिरी सावली दगडाखालून निघाली, फ्लायपाशी आली, थांबली, मागे फिरली, पुन्हा आली. बाजारात सुरमईचा कल्ला उघडून बघणारी आमची आई नेमकी इतकाच वेळ घेते. मग पाण्याला एक बारीक फुगा आला, दोरी ताणली गेली आणि काका "आला, आला" असे ओरडले ते खिंडीतल्या लोकांनाही ऐकू गेले.

ब्राऊन ट्राउट हा अतिशय देखणा मासा आहे, हे कबूल केले पाहिजे. पाठ शेवाळी-तपकिरी, पोट पिवळसर लोण्याच्या रंगाचे, अंगभर काळे ठिपके आणि मधूनमधून लाल. प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडे. खवले इतके बारीक की हाताला नुसती गुळगुळीत त्वचा लागते. पाठीवर शेपटीच्या अलीकडे एक छोटासा मांसल पर असतो. तो कशाला असतो हे त्याच्याकडे बघून कळत नाही. सगळे गोळा झाले. काकांनी खिशातून टेप काढली, माप घेतले, परवाना काढला, ताडून पाहिले. मासा मापाला उतरला नाही. मध्यम बांगड्याएवढा भरला होता.

इथे काकूंनी तोंड उघडले. म्हणाल्या, "भरला असता तरी काय? आज श्रावणी सोमवार."

ही या सगळ्या छंदातली मराठी मेख आहे. आपल्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. माशांचा विणीचा काळ, समुद्र खवळलेला. नंतर लगोलग श्रावण. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ देऊन होड्या बाहेर काढतात, पण अर्ध्या शहराचा तवा अजून सोवळ्यातच असतो. म्हणजे जून-जुलैत सरकार मासे पकडू देत नाही आणि ऑगस्टात घर खाऊ देत नाही. काश्मीरच्या सरोवरांचा मोसम नेमका या दोहोंच्या कात्रीत येतो. आमच्या ग्रुपमधले बारमाही मासे खाणारे सगळे त्या रात्री तंबूत राजमा-भात खात होते, शाकाहारी होता तो एक, आणि "पण चव कशी असते हो?" असे तोच सारखा विचारत होता.

काकांनी हात ओला करून मासा धरला, गळ सोडवला आणि त्याला पाण्यात ठेवला. तो क्षणभर तसाच थांबला आणि मग स्कॉटलंडच्या दिशेने नाही, पण दगडाखाली गेला. इतक्या उंचावर सरोवर जवळजवळ निम्मे वर्ष गोठलेले असते. चार अंशांचे पाणी सगळ्यात जड, ते तळाला बसते, त्यात ट्राउट हिवाळाभर जेमतेम तग धरून राहतो. खायला कमी, म्हणून वाढही अगदी सावकाश; वर्षाला फार तर बोटाच्या पेराने. काकांचा मासा मात्र वेगळा निघाला. गडसरच्या खिंडीत तो फूटभर होता, गंगाबलला दीड, आणि नारानागला गाडीत बसताना दोन्ही हात पसरून दाखवावा लागत होता. सोडून दिलेल्या माशाला खाणे लागत नाही, श्रोते लागतात.

या कहाणीला अलीकडे एक पुढचा अध्याय जोडला गेला आहे. किटलीने, खेचराने, विमानाने चढवलेल्या ट्राउटने सिएरातल्या सरोवरांमधली बेडकाची पिल्ले खाऊन टाकली. तिथला पिवळ्या पायांचा डोंगरी बेडूक शेकडो सरोवरांतून नाहीसा झाला. राष्ट्रीय उद्यानांनी १९९१ सालापर्यंत नवे मासे सोडणे थांबवले, आणि २००१ पासून सरकारी माणसे पाठीवर जाळी घेऊन काही सरोवरांवर चढू लागली, ट्राउट काढून टाकायला. जिथून मासा पूर्ण निघाला, तिथे बेडूक परत आला. म्हणजे एका माशासाठी माणूस तीनदा डोंगर चढला: एकदा सोडायला, एकदा पकडायला, एकदा हटवायला. मासा स्वतः मात्र एकदाही चढला नाही. या व्यवहारात शहाणा कोण, हे सांगायला वादसभेची गरज नाही.

तेव्हा ज्यांना ट्राउट खायचा आहे त्यांनी सरळ कोकरनागला जावे. अनंतनाग जिल्ह्यात डांबरी रस्त्याने पोचता येते, मोठे सरकारी ट्राउट फार्म आहे, आणि मासा वजनावर मिळतो. ज्यांना पकडायचा आहे त्यांनी श्रीनगरात परवाना काढूनच वर जावे, गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा, हात ओला केल्याशिवाय माशाला शिवू नये आणि परवान्यावरचे माप आपल्या मापापेक्षा खरे मानावे. आणि ज्यांना वरच पकडून वरच खायचा आहे, त्यांनी विमानाचे तिकीट काढण्याआधी कालनिर्णय उघडावे. श्रावण संपणे आणि खिंडीत बर्फ पडणे यांच्यामध्ये मोजके दिवस मिळतात, आणि त्यात गणपती येतात.